सुट्टीत कुठे जायचं हे घरात नक्की कोण ठरवतं? आई, बाबा की मुलं?

मार्च महिना लागला की अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या पट्ट्यातल्या घराघरांत एक विषय निघतोच. यंदा मे महिन्यात कुठे?

बाबा म्हणतात, गावी जाऊ. आई म्हणते, कुठेही चला, फक्त तिथे मला पोळ्या लाटायला लावू नका. मोठ्या मुलीला मनाली हवंय, कारण वर्गातली मैत्रीण गेल्या वर्षी जाऊन आली. धाकट्याला स्विमिंग पूल असलेलं कुठलंही हॉटेल चालतं. आजीचं म्हणणं एकच, देवाच्या पाया पडून तीन वर्षं झाली.

पाच माणसं, पाच मतं. सुट्टी आठ दिवसांची आणि पैसे एकाच ट्रिपचे. मग ठरतं कसं? वरवर वाटतं की कमावणारा ठरवतो. किंवा हल्लीच्या भाषेत, ‘आमच्याकडे सगळं मुलंच ठरवतात.’ पण नीट पाहिलं तर दोन्ही अर्धंच खरं आहे. मुंबईच्या उपनगरातल्या घरात सुट्टीचा निर्णय टप्प्याटप्प्याने होतो आणि प्रत्येक टप्प्यावर घरातल्या वेगळ्या माणसाचं चालतं. त्यातले दोन टप्पे तर घराबाहेरच ठरलेले असतात. सुरुवात तिथूनच करूया.

जागा नंतर, आधी तारखा

राज्य मंडळाच्या शाळांना साधारण मे महिन्याच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी असते. सीबीएसईच्या शाळांचं नवं वर्ष मात्र एप्रिलमध्येच सुरू होतं. म्हणजे तिथली मुलं आधी नव्या इयत्तेत बसतात, मग सुट्टीवर जातात आणि बऱ्याचदा राज्य मंडळाच्या मुलांच्या आधी परततात.

एकाच घरातली दोन भावंडं वेगवेगळ्या बोर्डात असतील किंवा मामेभाऊ एका बोर्डात आणि आतेबहीण दुसऱ्या, तर सगळ्यांना एकत्र मिळणारे दिवस कमी होतात. त्यातून ऑफिसची रजा, उन्हाळी शिबिरं आणि लग्नाचे मुहूर्त वजा करा. हातात उरतात आठ-दहा दिवस. घरात कुणी दहावीत जाणार असेल तर क्लास एप्रिलपासूनच सुरू होतात आणि तेही दिवस जातात.

आता यात रेल्वेचं वेळापत्रक आलं. पूर्वी लांब पल्ल्याच्या गाड्यांचं आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली. प्रवासाचा दिवस यात धरत नाहीत. म्हणजे १० मे रोजी निघायचं असेल तर ११ मार्चला सकाळी ८ वाजता बुकिंग उघडतं.

आता ११ मार्च म्हणजे काय? मुलांची वार्षिक परीक्षा अजून व्हायची आहे. बाबांच्या ऑफिसात ३१ मार्चची धावपळ चालू आहे. रजेचा अर्ज अजून कुणाकडे पोहोचलेलाही नाही. घरात या विषयावर निवांत बोलायला कुणालाच वेळ नसतो, पण तिकीट मात्र त्याच दिवशी काढावं लागतं. मे महिन्यातल्या आणि गणपतीतल्या कोकणच्या गाड्या किती लवकर भरतात हे चाकरमान्यांना सांगायला नको. तात्काळचा भरवसा धरावा तर ते प्रवासाच्या आदल्या दिवशी उघडतं. वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी १० वाजता, स्लीपरसाठी ११ वाजता. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तात्काळ तिकिटासाठी खात्याची आधार पडताळणीही लागते. चार-सहा माणसांच्या कुटुंबाने त्यावर विसंबणं म्हणजे जुगारच.

परिणाम काय होतो? घरात ज्याच्याकडे रेल्वेचं खातं आणि पासवर्ड आहे, ती व्यक्ती मार्चमध्ये ‘आत्ता काढून ठेवतो, नको असेल तर रद्द करू’ असं म्हणून तिकीट काढते. पुढे रद्द कुणीच करत नाही. चर्चा एप्रिलमध्ये होते, निर्णय मार्चमध्येच झालेला असतो. मुलांना वाटतं आपल्याला विचारलंच नाही. आईबाबांना वाटतं विचारायला वेळ होता कुठे? दोघांचंही बरोबर असतं.

तिकिटाच्या हिशेबात आजी-आजोबा कुठे बसतात?

दुसरा टप्पा पैशांचा. इथे काही नियमांनी गेल्या दहा वर्षांत घरांचं गणित बदललं, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही.

पहिला नियम मुलांचा. पूर्वी ५ ते ११ वर्षांच्या मुलाला अर्ध्या तिकिटात बर्थ मिळायचा. एप्रिल २०१६ पासून या वयाच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं लागतं. अर्ध्या तिकिटात प्रवास होतो, पण बर्थ मिळत नाही. रात्रीच्या प्रवासात दहा वर्षांच्या मुलाला आईबाबांच्या बर्थवर किती वेळ बसवणार? त्यामुळे बहुतेक घरं पूर्णच तिकीट काढतात.

दुसरा नियम ज्येष्ठांचा. ६० वर्षांवरील पुरुषांना रेल्वेभाड्यात ४० टक्के आणि ५८ वर्षांवरील महिलांना ५० टक्के सवलत होती. कोरोनाच्या काळात, मार्च २०२० मध्ये ती थांबली आणि नंतर सुरू झाली नाही.

एसटीचं चित्र बरोबर उलटं. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ वयोगटाला अर्धं तिकीट. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धं तिकीट. ५ ते १२ वर्षांच्या मुलांनाही अर्धं.

आता सहा जणांचं एक घर धरा. आई, बाबा, ८ आणि ११ वर्षांची दोन मुलं, ७० वर्षांचे आजोबा आणि ६७ वर्षांची आजी. रेल्वेने सगळ्यांना बर्थ घेऊन जायचं तर सहा पूर्ण तिकिटं. एसटीने राज्यातल्या राज्यात जायचं तर बाबांचं एक पूर्ण आणि बाकी पाच जणांची अर्धी, म्हणजे एकूण साडेतीन तिकिटं.

म्हणजे आजी-आजोबांना घेऊन एसटीने गावी जाणं खिशाला सोसतं, पण त्यांच्यासह राज्याबाहेर रेल्वेने जायचं म्हटलं की खर्च एकदम उडी मारतो. विमानाचा विषय तर वेगळाच. ‘आजी-आजोबांना एवढा प्रवास झेपणार नाही’ हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. कधी ते खरंच तब्येतीबद्दल असतं. कधी त्यामागे दोन जादा तिकिटांचा आकडा असतो, जो कुणी मोठ्याने बोलत नाही. आजी-आजोबांनाही ते कळतं. म्हणून तेच आधी म्हणून टाकतात, ‘तुम्ही जाऊन या, आम्ही घर सांभाळतो.’

नोकरदारांच्या घरात आणखी एक गोष्ट असते, प्रवासभत्ता. कंपनीकडून मिळणाऱ्या एलटीएवर चार वर्षांच्या गटात दोन प्रवासांसाठी आयकर सवलत मिळते. २०२२ ते २०२५ हा गट संपला, आता २०२६ ते २०२९ चालू आहे. पण ही सवलत फक्त भारतातल्या प्रवासाला आणि फक्त भाड्याला आहे. हॉटेल आणि जेवण त्यात येत नाही. नव्या करप्रणालीत तर ती मिळतच नाही. तरीही जुन्या करप्रणालीत असलेल्या घरात ‘या वर्षी गेलो नाही तर एलटीए वाया जाईल’ हे वाक्य एखादी ट्रिप ठरवायला पुरेसं असतं.

गाव की टूर?

यावर सगळ्यात जास्त वाद होतो. त्याला उपनगरांचा इतिहासही कारणीभूत आहे.

कोकण आणि घाटावरून माणसं मुंबईत आली ती मोठ्या संख्येने गिरणगावात. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि पुढे गिरण्या बंद पडत गेल्या. लालबाग-परळमधली कितीतरी कुटुंबं चाळीतली खोली सोडून बोरिवली, दहिसर, मुलुंड, भांडुप अशी पुढे सरकली. त्या पिढीला सुट्टी म्हणजे गाव हे ठरवावं लागलंच नाही. दुसरा पर्यायच नव्हता. मे महिन्यात मुलांना गावी सोडायचं आणि जूनमध्ये आणायचं. राहायला, खायला पैसे नाहीत आणि सांभाळायला आजी.

पुढे पर्याय वाढले. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने सुरू झाली आणि गाव जवळ आलं. पण त्याच सुमारास मराठी मध्यमवर्ग सहलींनाही जाऊ लागला होता. केसरी टूर्स १९८४ मध्ये सुरू झाली होती. वीणा वर्ल्ड २०१३ मध्ये आली. मराठी बोलणारा टूर मॅनेजर, ओळखीचं जेवण आणि सगळी व्यवस्था तयार, यामुळे जी घरं स्वतःच्या बळावर हिमाचल-केरळला निघाली नसती तीही निघाली.

आज चाळिशीत असलेले आईबाबा लहानपणी गावी महिना काढून आलेत. त्यांच्यासाठी गाव म्हणजे आठवणी. त्यांच्या मुलांसाठी गाव म्हणजे बऱ्याचदा गणपतीतले पाच दिवस, पाहुण्यांनी भरलेलं घर आणि न मिळणारं नेटवर्क. एकाच जागेबद्दल दोन पिढ्या बोलतात, पण दोघांच्या डोळ्यांसमोरचं गाव वेगळं असतं. ‘तुम्हाला गावाची ओढच नाही’ असं म्हणून हा प्रश्न सुटत नाही. ज्या मुलाला गावात एकही मित्र नाही, त्याला तिथे दहा दिवस काय करायचं हे आधी सांगावं लागतं.

गाडी कुठून सुटते यानेही फरक पडतो. मुलुंड-घाटकोपरकरांना कोकणची गाडी ठाण्याला किंवा लोकमान्य टिळक टर्मिनसला पकडता येते. बोरिवली-अंधेरीकरांना मात्र सामानसुमान घेऊन आधी दादर, कुर्ला किंवा पनवेल गाठावं लागायचं. पश्चिम उपनगरांतून कोकणात नियमित गाडी हवी ही मागणी त्यामुळेच जुनी होती. वांद्रे-मडगाव एक्स्प्रेसला २९ ऑगस्ट २०२४ ला बोरिवलीतून हिरवा झेंडा मिळाला. ती आठवड्यातून दोन दिवस धावणारी गाडी आहे. म्हणजे गावाला जायचं की नाही हे ठरवताना बोरिवलीकर अजूनही आधी वार बघतो.

संशोधन काय सांगतं?

कुटुंबात निर्णय कोण घेतं यावर जगभर अभ्यास झालेत. त्यातला एक गाजलेला अभ्यास हॅरी डेव्हिस आणि बेनी रिगो यांचा. बेल्जियममधल्या कुटुंबांवरचा हा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी घरातल्या निर्णयांचे चार प्रकार केले. नवऱ्याचं चालतं ते, बायकोचं चालतं ते, दोघं वेगवेगळे घेतात ते आणि दोघं मिळून घेतात ते. सुट्टीचा निर्णय शेवटच्या गटात आला, म्हणजे दोघांनी मिळून घेतलेला.

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. निर्णय एका क्षणात होत नाही. आधी गरज वाटते, मग माहिती शोधली जाते, मग शेवटचं ठरतं. या तीन टप्प्यांवर माणसांचं वजन बदलतं. पण या अभ्यासात नवरा-बायको होते, मुलांचा विचार नव्हता.

तो पुढे झाला. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल या पर्यटन भागात आलेल्या कुटुंबांच्या दैनंदिनी तपासून थॉर्न्टन, शॉ आणि विल्यम्स यांनी १९९७ मध्ये निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की मुलं दोन प्रकारे सुट्टीवर परिणाम करतात. एक, त्यांच्या गरजांमुळे, उदाहरणार्थ झोपेच्या वेळा. दोन, आईबाबांशी घासाघीस करून. लहान मूल एक शब्द न बोलता अख्ख्या घराचं वेळापत्रक ठरवतं. मोठं मूल बोलून ठरवतं.

मुलं निर्णय फिरवतात ते कसे?

हे तीन टप्पे आपल्या घरांना लावून बघा. ‘कुठेतरी जाऊया’ ही सुरुवात बहुतेक वेळा मुलं करतात. शाळा उघडल्यावर ‘सुट्टीत काय केलं’ हा प्रश्न त्यांना विचारला जातो, आईबाबांना नाही.

माहिती शोधण्याच्या टप्प्यावरही मुलं पुढे. पूर्वी ही माहिती शेजारच्या काकांकडून किंवा वर्तमानपत्रातल्या जाहिरातीतून यायची. आता रील्स आणि यूट्यूबवरून येते. दहावीतली मुलगी हॉटेलांची तुलना करून, रिव्ह्यू वाचून, तीन पर्याय फॅमिली ग्रुपवर टाकते. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जो पर्याय शोधतो त्याने निर्णय घेतला नाही तरी कशातून निवडायचं हे त्यानेच ठरवलेलं असतं. यादीत गाव नसेल तर गावावर चर्चाच होत नाही.

त्यानंतर येतात जुने, खात्रीचे मार्ग. आधी आईला पटवायचं, मग आईकडून बाबांना. आजीला आपल्या बाजूला घ्यायचं. ‘सगळे जातात’ म्हणायचं. यातलं ‘सगळे जातात’ सर्वात जास्त लागतं, कारण दिवसाचे दोन-अडीच तास लोकलमध्ये घालवणाऱ्या आईबाबांना मुलांना वेळ देत नसल्याची खंत असतेच. त्या खंतीपोटी बजेट वाढतं.

शेवटचा टप्पा मात्र मोठ्यांच्या हातात राहतो. किती दिवस, किती पैसे आणि कोणती तारीख हे मुलं क्वचितच ठरवतात. थोडक्यात, सुरुवात आणि पर्याय मुलांचे, मर्यादा आईबाबांच्या. ‘मुलंच सगळं ठरवतात’ ही तक्रार आणि ‘आमचं कुणी ऐकत नाही’ ही तक्रार एकाच घरात एकाच वेळी ऐकू येते ती यामुळेच.

आणि आईची सुट्टी?

या सगळ्या चर्चेत एक प्रश्न मागे पडतो. त्या आठ दिवसांत काम कोण करणार?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या महिला दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घरातल्या बिनपगारी कामाला देतात. पुरुष ८८ मिनिटं. सुट्टीत जागा बदलते, पण हा हिशेब बदलतोच असं नाही. बॅगा भरणं, औषधं घेणं, मुलांच्या खाण्याचं बघणं, परतल्यावर आठ दिवसांचे कपडे धुणं हे सगळं ‘ट्रिप’मध्ये मोजलंच जात नाही. गावी गेलं तर बाकीच्यांना झोपाळा आणि आंबे, तिला वीस माणसांचा स्वयंपाक.

म्हणून आई जेव्हा गावाऐवजी हॉटेल किंवा टूर म्हणते, तेव्हा ते दर वेळी सासरबद्दल नसतं. समोर वाढलेलं ताट कुणी दुसऱ्याने आणून द्यावं, एवढीच कधीकधी तिची सुट्टी असते. हे घरात मोकळेपणाने बोललं गेलं तर गावही चालतं. दोन वेळचं जेवण गावातल्या कुणाकडून करून घेता येतं. भांडी, झाडलोट वाटून घेता येते. वाद बऱ्याचदा जागेवर नसतोच, तिथे जाऊन कोण राबणार यावर असतो.

भांडण न होता ठरवायचं तर

मुलांना विचारणं म्हणजे लाड नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं १२ वं कलम सांगतं की मुलाला त्याच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क आहे आणि वय, समज पाहून त्या मताला वजन द्यायला हवं. भारताने हा करार ११ डिसेंबर १९९२ ला स्वीकारला. यात मुलाचं ऐकणं आहे, प्रत्येक मागणी मान्य करणं नाही. हा फरक घरातही उपयोगी पडतो.

पहिली गोष्ट वेळेची. जायच्या तारखेच्या ६० दिवस आधी बुकिंग उघडतं, तर चर्चा ७५ दिवस आधी व्हायला हवी. १० मे ला निघायचं असेल तर फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, एखाद्या रविवारी जेवणं झाल्यावर. परीक्षेच्या तोंडावर नको.

दुसरी गोष्ट पैशांची. आकडा आधी सांगा, जागा नंतर विचारा. ‘कुठे जायचं?’ असं विचारून मग ‘एवढे पैसे नाहीत’ म्हटलं की मूल हिरमुसतं. ‘आपल्याकडे इतके पैसे आणि इतके दिवस आहेत, यात काय बसतं ते शोध’ म्हटलं की तेच मूल हिशेब करायला बसतं. आठवी-नववीच्या मुलांना हे सहज जमतं. घरात पैसे कुठून येतात आणि कुठे जातात हेही त्यांना यातून कळतं.

तिसरी गोष्ट नकाराची. प्रत्येकाला एकच ‘हे नको’ म्हणता येईल, आजीलाही. लांबलचक आवडीनिवडींपेक्षा एक नकार समजायला सोपा असतो. कुणाला डोंगरातली वळणं सोसत नाहीत, कुणाला पहाटे उठणं नको, कुणाला स्वयंपाकघर नको.

चौथी, कामाची वाटणी तिकिटाबरोबरच करा. बॅगा कोण भरणार, परतल्यावर कपडे कोण धुणार, हे निघण्याआधी ठरवा.

पाचवी, एका वर्षात सगळं बसवू नका. एक मे गावाचा, एक मे मुलांच्या पसंतीचा, असं आलटून पालटून ठरवलं तर हरल्यासारखं कुणाला वाटत नाही. गावच्या वर्षी मुलांनी त्यांचा एखादा मित्र किंवा मावसभाऊ बरोबर घेतला तर त्यांचे दिवसही बरे जातात. आणि ज्या वर्षी काहीच जमत नाही त्या वर्षी नेरळहून माथेरान आहे. तिथली छोटी गाडी १९०७ पासूनची, वर मोटारींना बंदी, आणि मध्य रेल्वेच्या लोकलने पायथ्यापर्यंत जाता येतं.

सगळ्यांच्या मनासारखी सुट्टी कुठल्याच घरात होत नाही. पण आजीने ‘तुम्ही जाऊन या’ म्हटल्यावर ‘तुला खरंच यायचं नाहीये का?’ एवढं विचारणारं कुणीतरी घरात असलं, तरी बरंच काही बदलतं. हे विचारायला नातवंडं सगळ्यात योग्य. आजी त्यांच्याशी खोटं बोलत नाही.

तुमच्या घरी यंदा कुठे जायचं ठरलंय, आणि ते नक्की कोणी ठरवलं? कमेंटमध्ये सांगा. आधी घरच्यांना विचारून बघा, उत्तरं वेगवेगळी येतील.